वापरलेल्या पितळी पुंगळ्या स्वच्छ कशा कराव्यात

मागच्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच आमच्याकडे टेक्सासला आली. एका शनिवारी मी गॅरेजमध्ये झाडलेल्या काडतुसांच्या काळ्या पडलेल्या पुंगळ्यांची बादली घेऊन बसलो होतो. तिने दारातूनच पाहिलं आणि विचारलं, "चिंच भिजत घालू का रे?" काडतूस, रेंज म्हणजे नेमबाजीचं मैदान, रीलोडिंग म्हणजे रिकामी पुंगळी पुन्हा भरणं, यातलं काही तिला सांगावं लागलं नाही. पितळ काळवंडलंय एवढं दिसलं, बास. आणि तिचं चुकलंही नव्हतं. चिंचेतलं आम्ल देवघरातल्या निरांजनावर जे करतं, तेच मी लिंबूफुलाने, म्हणजे सायट्रिक ॲसिडने करतो.

काडतूस झाडलं की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी छोटी टोपी, खर्ची पडतो. उरते ती पितळेची पुंगळी, आणि सगळ्या काडतुसात महाग भाग तोच. म्हणून ती गोळा करून पुन्हा भरायची. पण काजळी आणि रेतीचे कण तसेच राहिले तर पुंगळीला आकार देणाऱ्या डायवर, म्हणजे साच्यावर, चरा पडतो, आणि मग पुढच्या प्रत्येक पुंगळीवर तोच ओरखडा उमटतो. त्याहून वाईट म्हणजे काजळीखाली भेग दिसत नाही. मी घासतो तो मुख्यतः यासाठी. रेंजवरचे काही जण पुंगळ्या सोन्याच्या दागिन्यासारख्या चमकवतात. हौस आहे त्यांची. त्यामुळे नेम सुधारत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. तेव्हा रायफल क्लबातून आठवण म्हणून पुंगळी खिशात टाकून घरी आणू नका. क्लबच्या आणि परवान्याच्या नियमांत बसतं का, ते आधी विचारा. इथे टेक्सासमध्ये हा छंद उघडपणे चालतो, आणि खालचं सगळं इथलं आहे.

कामाला हात लावण्याआधी शिशाचं बघा. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. ते जळल्यावर काजळीत उतरतं आणि घासताना धुळीत किंवा पाण्यात येतं. नायट्रिलचे हातमोजे घाला. जवळ चहाचा कप ठेवू नका. काम झाल्यावर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा. पोरांना गॅरेजबाहेर ठेवा. आणि स्वयंपाकघरातली चाळणी, पातेलं, टॉवेल यांपैकी काहीही वापरायला आणलंत, तर ते परत आत न्यायचं नाही. मी एक जुनी स्टीलची चाळणी यात कायमची घालवली आहे.

आता निवडणं. हे काम तांदूळ निवडण्याइतकंच कंटाळवाणं आणि तितकंच टाळता न येणारं. सगळ्यात आधी न झाडलेलं काडतूस चुकून आलंय का ते पाहा. रेंजच्या जमिनीवरून गोळा केलेल्या पिशवीत एखादं निघतंच. मग लोहचुंबक फिरवा, म्हणजे पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या चिकटून वर येतील. ॲल्युमिनियमच्या वजनानेच कळतात, त्याही बाजूला काढा. त्यानंतर माप बघून ढीग करा. इथे एक गंमत आहे: 9 मिलिमीटरची पुंगळी पॉइंट 40 (हे इंचातलं माप) च्या पोटात जाते आणि पॉइंट 40 ची पॉइंट 45 च्या. एकत्र घुसळल्या तर डब्यात डबा घातल्यासारख्या अडकतात, आणि आतली होती तशीच काळी बाहेर येते.

पुंगळीच्या आत टॉर्च मारून बुडाकडेही बघा. मधोमध एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, भरता येण्यासारखी. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन. तिच्यात प्रायमर काढायची सुई घातलीत तर सुई मोडेल. ही नावं त्या पद्धती काढणाऱ्यांची. बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेने उचलली बॉक्सरची पद्धत आणि बर्डनची गेली युरोपात.

पाण्याने धुणार असाल तर जुना, झाडलेला प्रायमर आधीच काढून टाका. त्यासाठी वेगळी डाय मिळते. ती पुंगळीच्या भिंतीला टेकत नाही, म्हणून मळक्या पुंगळीवरही चालते. प्रायमर तसाच ठेवून धुतलं तर त्याच्या खाचेत पाणी अडकतं आणि दोन दोन दिवस वाळत नाही. न झाडलेला प्रायमर मात्र ठोकून काढायच्या भानगडीत कधीही पडू नका.

माझी धुण्याची पद्धत अशी. फिरणारा रबरी ड्रम, 15 पौंडांचा. त्यात 5 पौंड, म्हणजे सव्वादोन किलो, स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना. या साधारण 1 मिलिमीटर जाड आणि साडेसहा मिलिमीटर लांब असतात. त्यावर 2 पौंड पुंगळ्या. 9 मिलिमीटरच्या असतील तर सव्वादोनशेच्या आसपास होतात. वर 1 गॅलन पाणी, म्हणजे पावणेचार लिटर. भांडी घासायचा द्रव साबण दोन मोठे चमचे आणि लिंबूफूल पाव चहाचा चमचा. झाकण घट्ट लावून ड्रम दोन तास फिरवा. उघडाल तेव्हा पाणी डांबरासारखं काळं आणि पुंगळ्या नव्याकोऱ्या दिसतील. पिना आतल्या बाजूने आणि प्रायमरच्या खाचेतही घासून येतात, कोरड्या पद्धतीला हे जमत नाही. ड्रम रात्रभर मात्र फिरवत ठेवू नका. पुंगळ्या एकमेकींवर आपटून त्यांच्या तोंडाची कड ठेचली जाते.

लिंबूफूल पाव चमचाच का? काळा थर हा तांब्याचा ऑक्साइड. आम्ल तो विरघळवतं. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काडतुसाच्या पितळेत 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. आम्ल जास्त झालं किंवा फार वेळ राहिलं की ते ऑक्साइडवर थांबत नाही, जस्तालाही खायला लागतं. सुरुवातीच्या दिवसांत मी शहाणपणा करून पुंगळ्या रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. सकाळी त्या गुलाबी निघाल्या! वरच्या थरातलं जस्त निघून गेलं होतं आणि उरलेलं तांबं लाजल्यासारखं दिसत होतं. शंभरेक पुंगळ्या भंगारात गेल्या. पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. डोक्यात तेव्हा शिरलं.

दुसरा शत्रू अमोनिया, आणि तो व्हिनेगरपेक्षा दगाबाज. पितळ चमकवायच्या काही पॉलिशांत तो असतो, म्हणून बाटलीवरचं लेबल वाचा. या गोष्टीचा संबंध थेट आपल्या पावसाळ्याशी आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळाभर घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली असायची. पावसाळा सरला की पुंगळ्या आपोआप तडकलेल्या सापडत. म्हणून या दोषाला इंग्रजीत नावच पडलं सीझन क्रॅकिंग, म्हणजे ऋतूची तडक. कारण 1921 मध्ये उलगडलं. घोड्यांच्या मुताशेणातून येणारा अमोनिया आणि हवेतली ओल मिळून पितळेवर काम करत होते, आणि पुंगळी थंड अवस्थेत ओढून घडवताना तिच्या अंगात जो ताण साठतो, त्याच्या जोरावर ती फाटत होती. वरून चकचकीत आणि आतून तडकायला तयार, अशी पुंगळी कुणाला हवी?

ड्रममधून काढल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून घ्या. पिना चाळणीने वेगळ्या करा, उरल्यासुरल्या चुंबकाने. मग प्रत्येक पुंगळी उलटी करून टेबलावर ठोका. प्रत्येक म्हणजे प्रत्येक! दोन पिना शेजारी शेजारी बसून बुडाचं भोक अडवू शकतात, आणि आत राहिलेली पिन पुढच्या वेळी गोळीमागोमाग बंदुकीच्या नळीतून जाईल.

वाळवायला जुना मोठा टॉवेल. त्यात पुंगळ्या घालून दोघांनी दोन टोकं धरायची आणि पाखडल्यासारखं इकडून तिकडे घोळवायचं. दुसरं टोक त्या दिवशी आईने धरलं होतं. अर्थात हातमोजे घालून, आणि "हे काय मेलं प्लॅस्टिक" असं दोनदा म्हणून. नंतर उन्हात पसरा. टेक्सासचं जुलैचं ऊन असेल तर दुपारपर्यंत खडखडीत. हिवाळ्यात काही जण फळं सुकवायचं यंत्र वापरतात. ते मग फक्त याच कामाला ठेवायचं. घरच्या ओव्हनमध्ये घालू नका. शिशाचा प्रश्न आहेच, शिवाय सुमारे 250 अंश सेल्सियसच्या पुढे पितळ मऊ पडू लागतं, आणि पुंगळीचं बूड कठीण राहायलाच हवं.

पाण्याचा एवढा पसारा नको असेल तर थरथरणारं भांडं घ्या आणि त्यात अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा भुगा. अक्रोड कडक, मळ काढायला बरा. मक्याचा भुगा मऊ, चकाकी आणायला. प्रायमर आत असतानाच घाला, म्हणजे भुगा भोकात बसत नाही. ओलसर कागदी रुमालाच्या दोन पट्ट्या टाकल्या की बरीच धूळ त्यांना चिकटते. भुगा चाळायचा तो अंगणात, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून. आतून तितकं स्वच्छ होत नाही, पण पिस्तुलाच्या काडतुसांना पुरतं.

आता बघणं, आणि इथे घाई नको. एकेक पुंगळी बोटांत फिरवत उजेडात धरा. तोंडाशी केसासारखी उभी भेग असेल तर टाका. अंगाला फुगवटा असेल तर टाका. रायफलच्या पुंगळीला बुडाच्या थोडं वर आडवी चकाकती रेघ दिसली तर थांबा. तिथली भिंत आतून ताणून पातळ झाल्याची ती खूण असू शकते. पेपर क्लिप सरळ करा, टोक जरासं काटकोनात वाकवा, आत घालून बुडापासून वर भिंतीवर घासत आणा. टोक कुठे खाचेत अडकलं, तर पुढच्या बारात पुंगळी तिथेच तुटण्याची भीती. रेघ दिसते पण खाच लागत नाही, अशी शंकेची असली तरी मी ठेवत नाही.

टाकायच्या पुंगळीचं तोंड मी तिथल्या तिथे पकडीने चेपतो, नाहीतर ती फिरून चांगल्या ढिगात येते. चेपलेल्या सगळ्या कॉफीच्या डब्यात. डबा भरला की भंगारवाला वजनावर घेतो.