अचाट योद्ध्याच्या हाती रूळ देण्यापूर्वी

अतिमानवी बळाच्या योद्ध्याची लढाई लिहिणारे किंवा चित्रकथेत रेखाटणारे बहुतेकजण त्याने काय उचलावे याचाच विचार आधी करतात. कथा मुंबईत घडत असेल तर विजेचा खांब, बेस्टची बस, जुनी जहाजे मोडण्याच्या दारूखाना भागात पडलेला जहाजाचा नांगर अशी सामग्री हाताशीच असते आणि मोह आवरत नाही. बळाची चिंता आपण करू नये, ते कल्पनेने हवे तेवढे देता येते. चिंता करावी ती तोलाची, पकडीची आणि पायांखालच्या जमिनीची, कारण वाचकाचा विश्वास उडतो तो तिथे.

उदाहरणासाठी रेल्वेचा रूळ घेऊ. लोकलच्या मार्गालगत बदलण्यासाठी आणून टाकलेले रूळ प्रवाशांनी रोज पाहिलेले असतात, त्यामुळे योद्ध्याला ते शस्त्र कुठून मिळाले हे वेगळे सांगावे लागत नाही. ६० किलोचा रूळ म्हणजे दर मीटरला ६० किलो. १३ मीटर लांबीच्या एका रुळाचे वजन ७८० किलो भरते. आता ८० किलोच्या आपल्या नायकाने तो एका टोकाला धरून तलवारीसारखा आडवा रोखला आहे असे चित्र काढून पाहा. रुळाचा गुरुत्वमध्य त्याच्या मुठीपासून साडेसहा मीटर पुढे आहे. निव्वळ स्वतःच्या वजनाने तो तोलायचा तर नायकाला सुमारे ६३ मीटर मागे उभे राहावे लागेल. स्नायू कितीही पोलादी असले तरी तो तोंडावर आपटणार, कारण येथे कमी पडते आहे ते बळ नसून वजन आहे.

हाताचेही तसेच. दोन मुठींमध्ये अर्ध्या मीटरचे अंतर धरले, तर मागच्या हाताला सुमारे १० टनांच्या जोराने रूळ खाली दाबावा लागतो आणि पुढच्या हाताला त्याहून थोड्या अधिक जोराने वर उचलावा लागतो. शिवाय रुळाचा तळ १५ सेंटिमीटर रुंद असतो, त्याभोवती माणसाची मूठ वळतच नाही. बोटे अडकवायची ती माथ्याखालच्या खाचेत. चित्रकाराने ही बोटे नीट काढली तर अर्धे काम झाले. आणखी एक गोष्ट जवळून दाखवण्यासारखी आहे: टोकाला धरलेला रूळ सरळ राहत नाही, त्याचे दुसरे टोक सुमारे एक फूट खाली लवते. ताठ काठीसारखा रूळ पाहिला की चित्रकाराने तो कधी उचलताना पाहिलेला नाही हे मला लगेच कळते.

ज्यांना आकडे रुचत नाहीत त्यांनी चाळीत कपडे वाळत घालण्याची लांब काठी घ्यावी, तिच्या टोकाला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली बांधावी आणि दुसरे टोक धरून ती आडवी उचलावी. मनगट आधी तक्रार करते, मग पाठ आपोआप मागे झुकते आणि टाचा जमिनीत रुतू पाहतात. तुमच्या नायकाच्या शरीराची ठेवण हीच असली पाहिजे. हा प्रयोग मी गॅलरीत केला तेव्हा बाटली शेजारच्यांच्या तुळशीवर पडली, म्हणून तो मोकळ्या जागी करावा.

यावर उपाय आहेत. रूळ मध्यावर धरला तर भार पायांवर येतो आणि तो लाठीसारखा फिरवता येतो, मात्र दोन्ही बाजूंना साडेसहा मीटर मोकळी जागा लागते. गिरगावातल्या गल्लीत पहिल्याच फेऱ्यात समोरच्या इमारतीचा सज्जा जाईल. दुसरा उपाय मला अधिक आवडतो: रूळ उभा धरून मुसळासारखा खाली हाणावा. भार सरळ पायांवर येतो, तोल सांभाळणे सोपे होते आणि आपल्याकडे बलरामाच्या मुसळाची परंपराही आहे. फक्त हे लोहमार्गावर करू नये, कारण डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो आणि उभा १३ मीटरचा रूळ तिला हमखास लागतो. अर्थात खलनायकाला तसेच फसवायचे असेल तर गोष्ट वेगळी. उडी मारून हवेत रूळ फिरवणे मात्र टाळावे. पायाला आधार नसताना रूळ जेमतेम हलेल आणि नायकच त्याच्याभोवती भिरभिरेल.

जमिनीचा विचार थोडक्यात उरकता येतो, पण तो वगळू नये. ८६० किलोंचा भार दोन तळव्यांवर आला की पदपथावरचे पेव्हर ब्लॉक कलंडतात, खालची वाळू फटींतून वर येते, आणि पावसाळ्यात तर चिखलाची चिळकांडी उडते. हे एक वाक्य लिहिले की वजन किती आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

शस्त्र निवडताना ते कोणाची ओळख सांगते याकडेही लक्ष द्यावे. महाभारताच्या विराटपर्वात, पांडव ज्याच्याकडे ओळख लपवून राहत होते त्या विराट राजाला त्रिगर्तांचा राजा सुशर्मा याने पकडून नेले, तेव्हा भीम झाड उपटण्याच्या बेतात असतो आणि युधिष्ठिर त्याला अडवतो. झाड उपटलेस तर लोक तुला भीम म्हणून ओळखतील, इतर माणसे वापरतात तसे एखादे शस्त्र घे, असे तो सांगतो. अज्ञातवासातल्या नायकासाठी याहून चांगला पेच शोधून सापडणार नाही. तुमचा योद्धा दिवसा एखाद्या गोदीत हमाली करीत असेल, तर रात्री त्याने नांगर उचलायचा की नाही हा प्रश्न हाणामारीपेक्षा अधिक रंगतदार ठरतो.

लढाई संपल्यावर ते अवजड शस्त्र कुठे जाते हेही आधीच ठरवून ठेवावे. रूळ रुळांवर आडवा टाकून नायक निघून गेला, तर पहाटेची पहिली लोकल अडकेल आणि वाचकाची सहानुभूती फलाटावर ताटकळणाऱ्यांकडे जाईल. शेवटची गाडी गेल्यानंतरच्या त्या दोन-तीन तासांत त्याला तो पुन्हा कडेला, होता तसाच, आवाज न करता ठेवायला लावा. ७८० किलो आदळणे सोपे आणि अलगद ठेवणे किती कठीण, ते त्याच्या बोटांवरून दाखवा.