परदेशी पत्रकार-राजकारण्याचे चरित्र मराठीत कसे लिहावे : हान्स फान मिर्लो यांच्या निमित्ताने

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात चरित्रपर व्याख्यानाला आजही श्रोते मिळतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात, दिवाळीच्या सुमारास स्थानिक अंक निघतात, आणि त्यांच्यासाठी एखाद्या परदेशी व्यक्तीवर लेख किंवा भाषण तयार करण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांवर येते. असा लेख बहुधा जन्म, शिक्षण, पदे आणि मृत्यू या क्रमाने चालतो, आणि ऐकून उठलेल्याला त्यातले काहीच सांगता येत नाही. मीही असेच एक भाषण केले होते. विषय होता नेदरलँड्सचे पत्रकार व पुढे परराष्ट्रमंत्री झालेले हान्स फान मिर्लो. भाषण संपल्यावर पुढच्या रांगेतील एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “हे साहेब निवडून कुठल्या मतदारसंघातनं आले होते?” मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच फान मिर्लो यांच्या राजकारणाचा गाभा होता, हे नंतर अभ्यास केल्यावर समजले. पुढील सूचना त्या फजितीतून आलेल्या आहेत.

लेखाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी : आपला चरित्रनायक कोणत्या जातीचा पत्रकार होता? आपल्याकडे पत्रकाराने राजकारणात असण्याचे कोणाला नवल वाटत नाही. टिळकांचा ‘केसरी’ १८८१ पासून चळवळीचेच अंग होता, आणि बेळगावात १९१९ मध्ये ‘तरुण भारत’ काढणारे बाबूराव ठाकूर हे स्वातंत्र्यलढ्यातलेच कार्यकर्ते होते. नेदरलँड्समध्येही हा प्रकार जुना आहे. आब्राहम कायपर यांनी १८७२ मध्ये ‘दे स्टांडार्ड’ हे दैनिक काढले, १८७९ मध्ये पक्ष स्थापला आणि १९०१ ते १९०५ या काळात ते पंतप्रधान होते. या मंडळींच्या बाबतीत वर्तमानपत्र हे राजकारणाचेच साधन होते. फान मिर्लो यांचे तसे नव्हते. ते नोकरीने पत्रकार होते, राजकारणाकडे बाहेरून पाहत होते, आणि जे पाहिले त्याने अस्वस्थ होऊन आत शिरले. ज्याने पत्र चळवळीसाठी काढले त्याच्या चरित्रात ‘पत्रकारिता सोडून राजकारणात आले’ हे वाक्य लिहिणे चूक ठरते. येथे मात्र ते वाक्य योग्य आहे, आणि लेखाचा सांधा नेमका तेथेच आहे.

नावाचे लेखन ही लहान बाब वाटते, पण श्रोत्यांचा विश्वास बहुधा तेथेच बसतो किंवा उडतो. डच नावे इंग्रजी वाचनाच्या सवयीने ‘व्हॅन’ अशी लिहिली जातात. डच उच्चारात हा ‘व्ह’ ‘फ’च्या जवळ जातो आणि ‘ग’ बहुतेक ठिकाणी घशातल्या ‘ख’सारखा येतो, म्हणून फान मिर्लो असे लिहावे आणि त्यांनी जेथे कायद्याचे शिक्षण घेतले ते गाव नायमेखन असे लिहावे. जी रूपे मराठीत रुळली आहेत, उदाहरणार्थ हेग, ती मात्र बदलू नयेत. पांडित्य दाखवण्यासाठी वाचकाला अडखळायला लावण्यात अर्थ नाही. यंत्राने केलेल्या भाषांतरावर तर डोळे झाकून विसंबूच नये. डच संसदेच्या लोकनियुक्त सभागृहाचे नाव ‘ट्वेडे कामर’ असे आहे. यंत्र त्याचे ‘दुसरी खोली’ असे रूपांतर करू शकते. ते सुधारून ‘दुसरे सभागृह’ लिहिले तरी आपला वाचक त्याला राज्यसभेसारखे समजण्याचा धोका राहतो. प्रत्यक्षात हे १५० सदस्यांचे दुसरे सभागृह म्हणजे आपल्या लोकसभेच्या जागचे, आणि ७५ सदस्यांचे पहिले सभागृह म्हणजे राज्यसभेच्या जागचे. हा उलटा क्रम एकदा स्पष्ट सांगून टाकावा.

त्यानंतर माणूस ज्या समाजात वाढला त्याची घडी समजावून द्यावी लागते. फान मिर्लो यांचा जन्म १८ ऑगस्ट १९३१ रोजी दक्षिणेकडील ब्रेडा या शहरात, कॅथलिक वातावरणात झाला. त्या काळचा डच समाज कॅथलिक, प्रॉटेस्टंट, समाजवादी आणि उदारमतवादी अशा उभ्या भागांत वाटलेला होता. प्रत्येक भागाची शाळा वेगळी, वर्तमानपत्र वेगळे, कामगार संघटना वेगळी, आकाशवाणी संस्था वेगळी आणि अर्थात पक्षही वेगळा. डच लोक या भागांना ‘खांब’ म्हणतात. बेळगावच्या वाचकाला ही व्यवस्था समजायला कठीण जात नाही. एकाच गल्लीत मराठी शाळा आणि कन्नड शाळा, मराठी पेपर आणि कन्नड पेपर, आणि दोन शेजारी सकाळी वेगवेगळ्या बातम्या वाचून कामाला निघतात, हे त्याने पाहिलेले असते. ही तुलना जरूर वापरावी, पण तेथील भेद भाषेचा नसून धर्माचा व विचारसरणीचा होता, एवढी मर्यादा सांगून वापरावी. ही पार्श्वभूमी दिली की एक साधी वाटणारी नोंद अर्थपूर्ण होते. फान मिर्लो १९६० पासून ‘आल्खेमेन हांडेल्सब्लाट’ या ॲम्स्टरडॅमच्या उदारमतवादी दैनिकात काम करू लागले. ब्रेडाच्या कॅथलिक घरातला मुलगा दुसऱ्याच खांबाच्या वर्तमानपत्रात जाऊन बसला, म्हणजे पक्ष काढण्याच्या आधीच त्याने कुंपण ओलांडले होते. केवळ ‘१९६० ते १९६७ पत्रकार’ असे लिहिणाऱ्याच्या हातून हे निसटते.

चरित्रलेखात सर्व वर्षांना सारखी जागा देऊ नये. या चरित्रात १९६६ हे वर्ष सविस्तर लिहावे. मार्चमध्ये राजकन्या बेआट्रिक्स यांचा जर्मन वराशी विवाह झाला, तेव्हा ॲम्स्टरडॅमच्या रस्त्यात निदर्शकांनी धुराचे बाँब फोडले. त्या विवाहानिमित्तच्या स्वागतसमारंभाला जाण्याचे नाकारल्यावरून हान्स ग्रायटर्स या नगरसेवकाचे आपल्या उदारमतवादी पक्षाशी बिनसले. हे ग्रायटर्स आणि फान मिर्लो यांच्यासह काही मंडळींनी सप्टेंबरमध्ये एक आवाहन प्रसिद्ध केले. आपल्या लोकशाहीची किंमत घसरत चालली आहे, याची चिंता वाटणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ते उद्देशून होते. १४ ऑक्टोबर १९६६ रोजी ‘डेमोक्राटन ६६’ हा पक्ष स्थापन झाला. त्याच दिवशी पहाटे यो काल्स यांचे मंत्रिमंडळ त्यांच्याच कॅथलिक पक्षाचे संसदीय नेते श्मेल्झर यांच्या ठरावामुळे कोसळले होते. मतदाराने ज्यांना निवडले ते मतदाराला न विचारता सरकार घडवतात आणि मोडतात, ही नव्या पक्षाची तक्रार होती, आणि तिचा पुरावा त्या रात्री आयता मिळाला. सीमाभागातील वाचकासाठी आणखी एक खूण देता येईल : याच ऑक्टोबर १९६६ मध्ये आपल्याकडे सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला. दोन घटनांचा परस्परसंबंध काहीही नाही, आणि तसा तो सूचितही करू नये; परंतु ज्यांच्या घरात ते वर्ष आठवणीत आहे, त्यांना काळाचा अंदाज लगेच येतो.

आता त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न. नेदरलँड्समध्ये लोकसभेसाठी आपल्यासारखे मतदारसंघ नाहीत. संपूर्ण देशातील मते एकत्र मोजली जातात आणि पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. एकूण वैध मतांचा दीडशेवा भाग मिळाला की एक जागा. आकडा लहान करून सांगावा : देशात दीड लाख लोकांनी मत दिले असे मानले, तर एका हजार मतांना एक जागा, मग ती हजार मते एका गावातील असोत वा शंभर गावांतील. ही पद्धत कर्नाटकात असती, तर २२४ जागांच्या विधानसभेत राज्यभर मिळून अर्धा टक्का मते मिळवणाऱ्या पक्षालाही एक आमदार मिळाला असता. सीमाभागात मतविभागणीचा हिशेब चहाच्या टपरीवरही चालतो, त्यामुळे हे उदाहरण ऐकताच श्रोते सावरून बसतात.

गंमत अशी की आपल्याकडच्या लहान पक्षांना जी पद्धत हवीशी वाटेल तिच्यावरच फान मिर्लो यांचा आक्षेप होता. त्यांच्या पक्षाला मतदारसंघांवर आधारलेली निवडणूक हवी होती, म्हणजे मतदाराला आपला प्रतिनिधी नावानिशी ठाऊक असेल. पंतप्रधानाची थेट निवड हवी होती, म्हणजे सरकार कोणाचे हे मतदानाच्या दिवशीच ठरेल. म्हणून त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर असे होते की ते कोणत्याच मतदारसंघातून आले नव्हते आणि हे बदलण्यासाठीच ते राजकारणात आले होते. चरित्र लिहिताना नायकाची अशी एक मागणी शोधून काढावी आणि ती वाचकाच्या अनुभवाशेजारी ठेवून पाहावी. दोन्ही व्यवस्थांचे गुणदोष तेथे आपोआप दिसतात. लिहिणाऱ्याने निकाल देण्याची आवश्यकता नसते.

पदांचा भाग थोडक्यात उरकावा. फेब्रुवारी १९६७ च्या निवडणुकीत नव्या पक्षाला ७ जागा मिळाल्या. ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांच्या काठाने चालत जाणारे फान मिर्लो दाखवणारी दूरचित्रवाणीवरील प्रचारफीत त्या देशात अजून आठवली जाते, आणि पत्रकाराला माध्यम कसे कळते याचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख करण्यासारखा आहे. १९७१ मध्ये ११ आणि १९७२ मध्ये ६ जागा मिळाल्या. १९७३ मध्ये त्यांनी नेतेपद सोडले. १९८१-८२ मध्ये ते संरक्षणमंत्री होते. १९८६ मध्ये ते पुन्हा नेते झाले आणि १९९४ मध्ये पक्ष २४ जागांवर पोहोचला. त्यानंतर मजूर पक्षाचे विम कॉक यांच्या मंत्रिमंडळात ते १९९८ पर्यंत उपपंतप्रधान व परराष्ट्रमंत्री होते. समाजवाद्यांचा लाल आणि उदारमतवाद्यांचा निळा मिसळून झालेले हे ‘जांभळे’ मंत्रिमंडळ, १९१८ नंतर प्रथमच ख्रिस्ती पक्षांना वगळून बनलेले. येथे एक सापळा आहे. त्या देशात मंत्री झालेल्याला संसदेची जागा सोडावी लागते, तेव्हा ‘खासदार व मंत्री’ असा जोडउल्लेख करू नये.

अडचणीचा भाग टाळण्याचा मोह होतो. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे संयुक्त राष्ट्रांच्या वतीने डच सैनिक तैनात असताना बोस्नियन सर्ब फौजांनी ते गाव घेतले आणि सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. फान मिर्लो तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. हत्याकांडाचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल आणि युरोपीय संघाच्या १९९७ च्या ॲम्स्टरडॅम कराराबद्दल दोन परिच्छेद लिहून हा प्रसंग गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. या प्रकरणावरील अहवाल आल्यावर एप्रिल २००२ मध्ये कॉक यांच्या दुसऱ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. हे त्याच परिच्छेदात लिहावे, कारण राजकीय जबाबदारी म्हणजे काय याबद्दल त्या देशाने दिलेले ते उत्तर आहे.

शेवटी माणसाने स्वतःच जे माप लावले त्यानेच त्याला मोजावे. मतदारसंघांची निवडणूक आली नाही. पंतप्रधानाची थेट निवड आली नाही. सार्वमताची घटनादुरुस्ती मे १९९९ मध्ये पहिल्या सभागृहात एका मताने पडली. सल्लावजा सार्वमताचा कायदा २०१५ मध्ये लागू झाला आणि २०१८ मध्ये रद्द झाला, तोही फान मिर्लो यांचाच पक्ष सत्तेत सहभागी असताना. ११ मार्च २०१० रोजी त्यांचे निधन झाले, त्यामुळे हा अखेरचा भाग त्यांच्या डोळ्यांआड घडला. माझ्या मते त्यांचे खरे यश खांबांच्या बाहेर उभा राहूनही पक्ष टिकू शकतो हे दाखवण्यात आहे, पण हे मत आहे, आणि मत म्हणूनच ते लेखात यावे.

साधनांबाबत एवढेच की हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘डेल्फर’ नावाने जुनी डच वर्तमानपत्रे महाजालावर मोफत उपलब्ध करून दिली आहेत आणि ‘हांडेल्सब्लाट’चे १९७० पर्यंतचे अंक तेथे पाहता येतात. भाषा येत नसली तरी १४ आणि १५ ऑक्टोबर १९६६ चे अंक उघडून पाहावेत. मंत्रिमंडळ पडल्याच्या बातमीने किती जागा घेतली आणि नव्या पक्षाच्या वाट्याला किती आली, हे नुसते पाहूनही कळते. नाव शोधताना एक ध्यानात ठेवावे की डच सूचीत ‘फान’ धरला जात नाही, त्यामुळे हे गृहस्थ ‘मिर्लो’ याच शब्दाखाली सापडतील.