कंपनीच्या गाड्यांची जोखीम कशी तपासावी

लायसन्स, विमा, सर्व्हिसिंगच्या नोंदी जागेवर आहेत असं धरून चालतो. नसतील तर आधी ते उरका.

१. एका कागदावर चार रकाने आखा: गाडी, ड्रायव्हर, रस्ता, वेळ. प्रत्येक फेरीसाठी ते भरा. बहुतेकांचे पहिले दोनच भरतात.

२. टायर, ब्रेक, दिवे, आरसे ड्रायव्हरनेच निघण्यापूर्वी पाहावेत. टायरच्या नक्षीच्या खोलीची कायदेशीर किमान मर्यादा बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर आहे, पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी कमी होते. ३ मिलिमीटरला टायर बदला.

३. आता खरी अवघड पायरी: थोडक्यात टळलेले अपघात शोधणं. मीही इथेच बराच काळ अडलो होतो. 'काही अडचण?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'नाही साहेब, सगळं ठीक.' म्हणून प्रश्न बदला. 'आजच्या फेरीत सगळ्यात जोरात ब्रेक कुठे मारावा लागला?' याचं उत्तर हमखास मिळतं. कुठे, किती वाजता आणि पुढे कुठे पोहोचायची घाई होती, एवढं लिहून घ्या. नाव लिहू नका.

जीपीएस बसवा आणि जोरात ब्रेक मारणाऱ्याचा पगार कापा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. कृपा करून ऐकू नका. अचानक आडवं आलेलं मूल वाचवणाराही जोरातच ब्रेक मारतो. दंड लावलात की माणसं बोलायची थांबतात आणि तुमच्याकडे नुसते आकडे उरतात. जीपीएसची नोंद हे संभाषणाचं निमित्त आहे, पुरावा नव्हे.

महिनाभराच्या नोंदी शेजारी शेजारी मांडा. नेहमी दिसतं ते असं: माल भरायला पाऊण तास उशीर, पोहोचण्याची वेळ मात्र तीच. तो पाऊण तास ड्रायव्हरने रस्त्यावर भरून काढायचा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, हे वेळापत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर लिहून ठेवा. गाडी उशिरा सुटली तर पोहोचण्याची वेळ आपोआप पुढे जाईल असा नियम करा आणि ग्राहकाला फोन ऑफिसने करावा, ड्रायव्हरने नव्हे. चालत्या गाडीत ड्रायव्हरला फोन करायचाच नाही, मालकानेसुद्धा.

पहाटे २ ते ६ हा झोपेचा सगळ्यात वाईट काळ. दुपारी जेवणानंतरही डोळा लागतो. सतरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखाच मंदावतो, म्हणून 'एवढी एक फेरी मार' हे वाक्य कोणाच्याही तोंडी येता कामा नये.

४. गाडी मागे घेताना खाली उतरून पाहावं. मोठ्या गाडीमागे दिशा दाखवणारा माणूस ड्रायव्हरला आरशात दिसलाच पाहिजे. दिसेनासा झाला की गाडी तिथेच थांबवायची.

५. तीन महिन्यांनी तेच चार रकाने पुन्हा भरा. नवा मार्ग, नवी गाडी किंवा नवा ग्राहक आला तर तेवढंही थांबू नका.