कॅन्सरमधून बरं झालेलं मूल: फाईल, घर आणि शाळा

उपचार संपले की फाईल कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. त्याआधी डॉक्टरांकडून एका पानाची ट्रीटमेंट समरी लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘केमो पूर्ण’ असेल तर त्याचा पुढे उपयोग नाही. प्रत्येक औषधाचा एकूण डोस हवा, शेक (रेडिएशन) कुठे आणि किती ग्रे (शेकाचं माप) दिला तेही हवं.

केमोतलं लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, पुढे हृदय कमजोर करू शकतं. ते शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 25 मिलिग्रॅमने सहा वेळा गेलं असेल तर बेरीज 150. एकूण 100 ते 250च्या आत असेल तर साधारण दर 5 वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी), 250 किंवा जास्त असेल तर दर 2 वर्षांनी. छातीला शेकही दिला असेल तर जोखीम वाढते, वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवून घ्या. हृदय कमजोर होत असताना बरीच वर्षं काहीच जाणवत नाही, म्हणून ‘पोरगं ठणठणीत आहे’ हे इको टाळायचं कारण नव्हे. मानेला शेक दिला असेल तर दरवर्षी थायरॉइडची तपासणी.

आता घर. अशा मुलासमोर विडी ओढायची नाही. फुप्फुसांना इजा करू शकणारं ब्लिओमायसिन हे केमोचं औषध मिळालेल्याला तर धूर आणखी वाईट. चूल असेल तर मुलाची झोपायची, अभ्यासाची जागा तिथून हलवा. आजीची मिश्रीची डबीही त्याच्या हाताला लागू देऊ नका. आणि खेळाच्या तासातून कायमची सुट्टी मागू नका! डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पळू द्या. बसून वाढलेलं वजन हृदयावरच येतं.

शाळेत दोन गोष्टी हमखास आळस समजल्या जातात. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधानंतर आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. मूल हाकेला ओ देतं, पण गोंगाटात बाई काय म्हणाल्या ते सुटतं. ऑडिओग्राम (कानांची तपासणी) करा, पहिल्या बाकावर बसवा. डोक्याला शेक मिळालेल्या मुलाचा वेग मंदावतो: गणित येतं, पण पेपर पुरा होत नाही. तपासणी करून प्रमाणपत्र घेतलं तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो.

गाव लांब म्हणून तपासणी चुकवू नका. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला तपासणीच्या प्रवासासाठीही सवलत आहे. ठरलेल्या फॉर्मवर डॉक्टरांची सही आणि शिक्का लागतो.

मुलींची तपासणी मात्र बहुधा लग्नाच्या बोलण्यांत बंद पडते. आजार कोणाला सांगायचा ते घराने ठरवावं, पण लाल औषध मिळालेल्या मुलीचा इको गर्भधारणेआधी व्हायलाच हवा आणि समरीचं पान प्रसूतीच्या डॉक्टरला दाखवायलाच हवं. छातीला शेक मिळाला असेल तर स्तनांची तपासणी 25व्या वर्षी किंवा शेकानंतर 8 वर्षांनी, जे नंतर येईल तेव्हा सुरू होते.