रक्तातील मद्यार्काची तपासणी सामायिक मानकांवर कशी आणावी : न्यायसहायक प्रयोगशाळांसाठी मार्गदर्शन

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असलेल्या व्यक्तीने वाहन चालवणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६६ मध्ये आरोपीवर पुराव्याचा भार टाकणारी मर्यादा ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम अशी आहे. दोन्ही कायदे एका आकड्यावर उभे आहेत आणि तो आकडा प्रयोगशाळेतून येतो. एकाच रक्ताचे दोन भाग करून एक नागपूरला आणि दुसरा नाशिकला पाठवला, आणि एकीकडून २८ व दुसरीकडून ३३ असे उत्तर आले, तर माणूस दोषी की निर्दोष हे त्याच्या रक्तावर नव्हे, तर तो कोणत्या जिल्ह्यात पकडला गेला यावर ठरेल. सामायिक मानके हवीत ती याच कारणासाठी. आपल्या फाइलवरून अनोळखी प्रयोगशाळेतील अनोळखी विश्लेषकाला त्याच उत्तरापर्यंत पोहोचता आले पाहिजे, ही एकच कसोटी डोळ्यांसमोर ठेवून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. संपूर्ण प्रयोगशाळा एकदम सुधारायला घेऊ नये. एक तपासणी निवडावी, ती शेवटपर्यंत न्यावी आणि मग दुसरी हाती घ्यावी. रक्तातील मद्यार्काची तपासणी सुरुवातीला सर्वांत योग्य, कारण तिचे उत्तर आकड्यात येते आणि चूक लपून राहत नाही.

कोणते मानक कशासाठी

आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक प्रयोगशाळेची क्षमता आणि निःपक्षपातीपणा यांविषयी आहे. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या भारतीय मंडळाची मान्यता याच मानकाच्या आधारे मिळते. मात्र मद्यार्क कसा मोजावा हे ते सांगत नाही. वापरलेली पद्धत योग्य असल्याचे सिद्ध करा, एवढेच सांगते. सिद्ध कसे करायचे याचा तपशील अमेरिकन अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेसच्या मानक मंडळाने काढलेल्या एएसबी ०३६ या मानकात आहे, आणि मंडळाची मानके विनामूल्य उतरवून घेता येतात. अमेरिकेत २००९ साली नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने न्यायसहायक विज्ञानातील उणिवांवर परखड अहवाल दिला. पुढे २०१४ मध्ये तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, ओसॅक ही तज्ज्ञ समित्यांची रचना उभी केली. तज्ज्ञांनी छाननी करून मान्य केलेल्या मानकांची नोंदवही ओसॅक ठेवते. आपल्या विषयासाठी कोणती मानके उपलब्ध आहेत, हे प्रथम त्या नोंदवहीत पाहावे. घटनास्थळावरील वस्तू ओळखण्यापासून अहवालापर्यंतच्या प्रवासासाठी आयएसओ २१०४३ ही पाच भागांची मालिका आहे.

मानक हाती आले की तफावतीचा तक्ता करावा. पहिल्या रकान्यात मानकातील प्रत्येक बंधनकारक वाक्य, दुसऱ्यात आपल्याकडे प्रत्यक्षात काय होते ते, आणि तिसऱ्यात त्याचा पुरावा कोणत्या नोंदवहीत वा फाइलमध्ये आहे ते लिहावे. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर दुसऱ्यातील मजकूर कितीही खरा असला तरी ती गोष्ट होत नाही असेच धरावे. हा तक्ता विभागप्रमुखाने एकट्याने भरू नये. जो विश्लेषक रोज यंत्रावर बसतो आणि जो कर्मचारी नमुने स्वीकारतो, त्यांच्यासोबत बसून भरावा, कारण कागदावरची कार्यपद्धती आणि टेबलावरची कार्यपद्धती यांतील अंतर त्यांनाच ठाऊक असते.

नमुना दारात येण्यापूर्वी

रक्त घेताना त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, तर पुढची सर्व काळजी संशयास्पद ठरते. मुंबई दारूबंदी (वैद्यकीय तपासणी व रक्त चाचणी) नियम, १९५९ मध्ये त्वचा स्वच्छ करण्यासाठी मद्यार्क वापरू नये आणि रक्त गोठणरोधक व परिरक्षक असलेल्या कुपीत घ्यावे, असे स्पष्ट आहे. परिरक्षक म्हणून सोडियम फ्लोराइड वापरतात, कारण ते पुरेशा प्रमाणात नसेल तर सूक्ष्मजीव रक्तातील साखरेपासून मद्यार्क तयार करू शकतात. गोठण रोखण्यासाठी पोटॅशियम ऑक्झलेट असते. कुपी अर्धीच भरली आणि झाकण सैल राहिले, तर उलट मद्यार्क उडून जातो. म्हणजे निष्काळजीपणा दोन्ही दिशांना फसवतो. कधी निर्दोषाला अडकवतो, कधी दोषीला सोडवतो.

म्हणून प्रयोगशाळेने स्वीकृतीचे निकष लेखी ठरवून जिल्ह्यातील रुग्णालये आणि पोलीस ठाणी यांना ते मराठीत, एका पानात कळवावेत. मोहोर शाबूत आहे का, नमुना-मोहोरेशी (पडताळणीसाठी पाठवलेल्या मोहोरेच्या ठशाशी) जुळते का, कुपीवरील नाव आणि पत्रावरील नाव एक आहे का, रक्त किती आहे, गुठळ्या झाल्या आहेत का, नमुना कधी घेतला आणि मधल्या काळात शीतकपाटात होता का, या प्रत्येक बाबीची नोंद नमुना स्वीकारणाऱ्याने पत्र आणणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्यासमोर करावी. निकषात न बसणारा नमुना परत करावा किंवा उणीव नोंदवून तपासावा, पण कोणत्या उणिवेसाठी काय करायचे हे आधी ठरलेले असावे. त्या दिवशी टेबलावर कोण आहे यावर ते अवलंबून नसावे. २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्तनमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि नमुना कोणाचा, हे तपासण्यासाठी डीएनए चाचणीकडे वळावे लागले. चुकीच्या माणसाचे रक्त उत्तम यंत्राने तपासले, तरी मिळणारे अचूक उत्तर त्या खटल्यासाठी निरुपयोगीच असते.

पद्धत सिद्ध करणे

बहुतेक प्रयोगशाळांत ही तपासणी हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफीने होते. बंद कुपीतील रक्त ठरावीक तापमानाला तापवून वरच्या हवेतील बाष्प यंत्रात सोडले जाते. पद्धत सिद्ध करण्यासाठी एएसबी ०३६ मधील मांडणी अशी, की कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन प्रमाणांतील नमुने, प्रत्येकी तीनदा, पाच वेगवेगळ्या धावांत (धाव म्हणजे यंत्रावर एका वेळी सलग केलेल्या तपासण्यांचा संच) तपासायचे. एकूण ४५ वाचने होतात. ती एकाच दिवशी, एकाच हाताने उरकण्याचा मोह टाळावा, कारण दिवसागणिक आणि माणसागणिक पडणारा फरक मोजणे हाच या खटाटोपाचा हेतू आहे. कमी प्रमाणाचा नमुना ३० मिलिग्रॅमच्या आसपास निवडावा, असा माझा आग्रह आहे. १५० मिलिग्रॅमला पद्धत किती अचूक आहे याला न्यायालयात फारसे महत्त्व नसते. वाद होतो तो मर्यादेच्या काठावर.

याखेरीज मद्यार्क नसलेले रक्त किमान दहा वेगवेगळ्या व्यक्तींकडून घेऊन कोणताही खोटा शिखर-संकेत (यंत्राच्या आलेखावर पदार्थ दाखवणारा उंचवटा) मद्यार्काच्या जागी येत नाही, हे पाहावे. ॲसिटोन, मिथेनॉल आणि आयसोप्रोपेनॉल मुद्दाम मिसळून ते मद्यार्कापासून स्वच्छ वेगळे होतात का, हे तपासावे. दोन वेगळ्या गुणधर्मांचे स्तंभ (बाष्पातील घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातील नळ्या) वापरल्यास ओळख पक्की होते. अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात मिसळायचा पदार्थ, निवडतानाही विचार हवा. एन-प्रोपेनॉल सर्रास वापरतात, पण मृतदेह कुजताना तो स्वतःच तयार होऊ शकतो. म्हणून शवविच्छेदनातून आलेल्या रक्तासाठी टी-ब्युटेनॉल अधिक सुरक्षित. अतिशय जास्त प्रमाणाच्या नमुन्यानंतर लगेच कोरा, म्हणजे मद्यार्क नसलेला, नमुना चालवून मागचा अंश पुढे येत नाही ना, हेही नोंदवावे.

रोजच्या कामात हे सगळे पुन्हा करायचे नसते. प्रत्येक धावेत कोरा नमुना, प्रमाणित संदर्भ द्रव्यापासून केलेली मानके आणि वेगळ्या स्रोताची नियंत्रण द्रावणे (मद्यार्काचे प्रमाण आधीच माहीत असलेली) असावीत, प्रत्येक रक्त दोनदा तपासावे आणि दोन वाचनांतील किती फरक चालेल हे आधी लिहून ठेवावे. नियंत्रण द्रावणाचे वाचन आलेखावर मांडत जावे. मर्यादेच्या आत राहूनही ते एकाच बाजूला सरकत असेल, तर यंत्र आधीच इशारा देत असते.

आकड्यामागची अनिश्चितता आणि अहवाल

प्रत्येक मोजमापाला अनिश्चितता असते आणि ती सांगणे म्हणजे कमजोरीची कबुली नव्हे. समजा वाचन ३१ आले आणि ९५ टक्के विश्वासपातळीवरची अनिश्चितता अधिक-उणे २ आहे. खरे प्रमाण २९ असण्याची शक्यता उरते, आणि नुसते ‘३१’ लिहिणारा अहवाल ती शक्यता न्यायाधीशांपासून लपवतो. इंग्लंडमध्ये यासाठी जुना आणि सोपा प्रघात आहे. वाचन १०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर त्यातून ६ मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त असेल तर ६ टक्के वजा करून ‘यापेक्षा कमी नाही’ अशा शब्दांत निष्कर्ष देतात. आपल्याकडे कोणता निर्णयनियम, म्हणजे अनिश्चितता धरून निष्कर्ष काढण्याचा नियम, वापरायचा हे एका विभागप्रमुखाने ठरवू नये, तर राज्यातील सर्व प्रयोगशाळांनी मिळून ठरवावे आणि प्रत्येक अहवालात छापावे. १७०२५ च्या २०१७ मधील आवृत्तीनुसार निष्कर्ष मर्यादेच्या आत की बाहेर, हे सांगताना निर्णयनियम नमूद करावा लागतो.

अहवालात पद्धतीचे नाव, दोन्ही वाचने, अनिश्चितता, नमुना कोणत्या स्थितीत आला आणि केव्हा तपासला, एवढे तरी असावे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या छावला प्रकरणात आरोपींची मुक्तता करताना, खालच्या न्यायालयांनी डीएनए अहवालातील निष्कर्षांचा पाया आणि तंत्रे विश्वासार्हपणे वापरली गेली का हे तपासले नव्हते, यावर बोट ठेवले. नमुने फेब्रुवारी २०१२ च्या १४ व १६ तारखेला जप्त होऊन २७ तारखेला प्रयोगशाळेत गेले आणि तोवर ते पोलीस ठाण्याच्या मालखान्यात होते, याचीही नोंद निकालात आहे. एका ओळीच्या रासायनिक विश्लेषण अहवालावर यापुढे विसंबता येणार नाही, हे तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांनीही लक्षात घ्यावे.

दुसऱ्या डोळ्यांनी पडताळणी

माद्रिदमधील २००४ च्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका प्लास्टिक पिशवीवरील बोटाचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगॉनमधील एका वकिलाचा ठरवला. एका तज्ज्ञाने जुळवलेला ठसा इतर तज्ज्ञांनीही जुळवला आणि न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही दुजोरा दिला. स्पॅनिश पोलिसांनी मात्र तो ठसा दुसऱ्याच व्यक्तीचा असल्याचे दाखवले आणि वकिलाची सुटका झाली. पुढच्या चौकशीत दिसले, की पडताळणी करणाऱ्यांना आधीचा निष्कर्ष माहीत होता आणि ज्ञात ठशातील खुणा पाहून अज्ञात ठशात त्या ‘सापडत’ गेल्या होत्या. पडताळणी झाली होती, पण ती स्वतंत्र नव्हती.

मद्यार्काच्या तपासणीतही हे टाळायला हवे. आरोपीचे नाव, श्वास-चाचणीचा आकडा आणि प्रथम खबरीतील मजकूर विश्लेषकापर्यंत जाऊ नये. त्याला केवळ नमुना क्रमांक दिसावा. पडताळणी करणाऱ्याने शिखर-संकेत आणि आकडेमोड स्वतः पाहावी, पहिल्याची सही पाहून सही करू नये. ह्यूस्टनच्या न्यायसहायक केंद्राने नेहमीच्या प्रकरणांत खोटी प्रकरणे बेमालूम मिसळण्याचा कार्यक्रम चालवला आहे, त्यामुळे आपली परीक्षा सुरू आहे हे विश्लेषकाला कळतही नाही. आपल्याकडे मुंबईतील कालिना, पुणे, नागपूर आणि नाशिक येथील प्रयोगशाळांनी एकमेकींसाठी असे नमुने तयार केले, तर त्याला फार खर्च येणार नाही. निकाल मात्र शिक्षेसाठी वापरू नयेत, नाहीतर लोक उत्तरे जुळवायला शिकतील.

चूक सापडल्यावर

नियंत्रण द्रावणाची मुदत संपल्याचे महिन्याभराने लक्षात आले, तर त्या काळातील सर्व प्रकरणांची यादी त्याच दिवशी काढावी. राखून ठेवलेला उरलेला नमुना पुन्हा तपासावा आणि उत्तर बदलत असेल, तर सुधारित अहवाल पहिल्याचा उल्लेख करून द्यावा. त्याची लेखी माहिती तपास अधिकाऱ्याला, सरकारी वकिलाला आणि प्रकरण न्यायालयात असेल तर न्यायालयालाही कळवावी, म्हणजे ती आरोपीच्या वकिलापर्यंत पोहोचेल. उत्तर बदलले नाही, तरीही पुनर्तपासणीची नोंद प्रत्येक फाइलमध्ये लावावी आणि मूळ कारण शोधून कार्यपद्धतीत बदल केल्याची तारीख तफावतीच्या तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात लिहावी.