मुलाचा जबाब घेताना

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि आईवडील अथवा मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत नोंदवावा, असे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा 2012 चा पोक्सो कायदा सांगतो. जागा आणि वेष सांभाळणे त्या मानाने सोपे. घोळ होतो तो प्रश्नांत.

घटनेकडे लगेच वळू नये. नागपूरच्या मुलाला आधी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याच्या सणाला, सकाळपासून काय काय झाले ते सांगू द्यावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. त्यामुळे मुलाला सविस्तर सांगण्याचा सराव होतो आणि ते किती सलग बोलते, कोणते शब्द वापरते, हे आपल्यालाही कळते. ‘माहीत नाही’ हे उत्तर चालते, हेही याच वेळी सांगावे. मात्र ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नये. गुन्ह्याची माहिती कळवणे याच कायद्याने बंधनकारक असल्याने तो पाळता येणार नाही.

मूळ विषयावर आल्यावर ‘काय झाले ते सगळे सांग’ आणि ‘मग?’ एवढे पुष्कळदा पुरते. ‘काकांनी हात लावला ना?’ या प्रश्नात उत्तर आपणच पुरवलेले असते, आणि बचाव पक्षाचा वकील पुढे नेमके त्यावरच बोट ठेवतो. तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर आपले पहिले उत्तर चुकले असे समजून लहान मूल ते बदलू शकते. ‘काहून नाही सांगितलं आधी?’ हा तर मुलाला ठपकाच वाटतो. तारखेचा आग्रह धरू नये. सहा वर्षांच्या मुलाला तारीख सांगता येत नाही, पण ‘घरी कूलर लावला होता’ किंवा ‘मारबत (पोळ्याच्या वेळची नागपूरची मिरवणूक) होऊन गेली होती’ असे ते बोलण्याच्या ओघात सांगून जाते.

लिहिताना ‘मले’चे ‘मला’ करणे किंवा अवयवासाठी घरात रूढ असलेला शब्द काढून वैद्यकीय संज्ञा घालणे, ही दुरुस्ती नसून ढवळाढवळ आहे. दंडाधिकाऱ्यांनीही जबाब मुलाने सांगितला तसाच नोंदवायचा असतो. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी दुभाषी घ्यावा, पण तो नातेवाईक नसावा.

बालगृहात मूल काही बोलून गेले, तर समुपदेशकाने ते वाक्य, वेळ आणि त्याआधी आपण काय विचारले होते, एवढे टिपून ठेवावे. तपशील उकरू नयेत. विशेष न्यायालयात वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच मुलाला विचारले जातात, हे त्याला आणि त्याच्या आईला तारखेच्या आधीच समजावून सांगावे.