गावात जगाचा सिनेमा दाखवायचा असेल तर

साताऱ्यातल्या मल्टिप्लेक्समध्ये इराणी किंवा जपानी सिनेमा लागेल म्हणून वाट बघत बसू नका. वितरकाला पहिल्या शनिवार-रविवारची गर्दी दिसावी लागते, आणि मुंबई-पुण्यातसुद्धा अशा सिनेमाला बहुतेकदा आडवेळेचा एखादा खेळ मिळून आठवड्यात तो उतरतो. त्यापेक्षा फिल्म सोसायटी काढा, म्हणजे वर्गणी भरून एकत्र सिनेमे बघणाऱ्या सभासदांची संस्था. भारतातल्या सोसायट्यांचं फेडरेशन १९५९ साली उभं राहिलं, सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे. म्हणजे वाट आधीच मळलेली आहे.

आधी माणसं जमवा. वीस-पंचवीस खूप झाली. आम्ही सुरुवात हौशी नाटकवाल्यांपासून केली, कारण सभागृहाची किल्ली कुणाकडे असते आणि आवाजाची यंत्रणा कोण लावतो हे त्यांनाच ठाऊक असतं. दाराशी तिकीट विकू नका, वार्षिक वर्गणी घ्या. सोसायटीचे खेळ सभासदांपुरतेच असतात.

सिनेमासाठी फेडरेशनला विचारा, पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाला (जर्मन सांस्कृतिक केंद्र) आणि अलियाँस फ्राँसेजला (फ्रेंच सांस्कृतिक केंद्र) रीतसर पत्र लिहा. घरच्या ओटीटी वर्गणीवर सभागृहात सिनेमा दाखवायची परवानगी नसते, हे सभासदांनाही स्पष्ट सांगा.

खरी मेहनत सबटायटल्सवर घ्या. आपल्या गावातला चांगला प्रेक्षक इंग्रजी ओळी वाचताना दमतो आणि दुसऱ्या खेळाला येत नाही. हक्कधारकाची परवानगी मिळाली तर मराठी सबटायटल्स करा. एका वेळी दोनच ओळी ठेवा, वाक्यं बोलीतली असू द्यात. भाषांतर पुरं करण्यापेक्षा वाचून होणं महत्त्वाचं. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत साठवा, नाहीतर पडद्यावर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येतात. जोडाक्षरं नीट उमटतात का, ते आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर बघा. परवानगी मिळाली नाही तर कथेची पार्श्वभूमी सांगणारं पानभर टिपण मराठीत छापून वाटा. आणि पडदा उंच बांधा! सपाट सभागृहात पुढच्यांच्या डोक्याआड नेमकी सबटायटल्सच जातात. पडद्याची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा वर हवी. मागच्या रांगेत स्वतः बसून खात्री करा.

पहिल्या खेळाला मोठं नाव शोधू नका. इराणी दिग्दर्शक माजिद मजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) मिळाला तर तोच घ्या. बुटांच्या एका जोडावर शाळा निभावणारे भाऊ-बहीण कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत, आणि सिनेमा दीड तासात संपतो. संथ, अवघड सिनेमे सहा महिन्यांनी आणा. तोवर माणसं थांबायला शिकलेली असतात, हा माझा ठाम अनुभव आहे. खेळानंतर व्याख्यान ठेवू नका. चहा ठेवा, लोक आपणहून बोलतात.

जानेवारीच्या सुमारास पुण्याचा ‘पिफ’ हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, नोव्हेंबरात पणजीला भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव ‘इफ्फी’ (२००४ पासून गोव्यातच). दोन-चार सभासदांनी मिळून जा, प्रत्येकाने वेगवेगळे सिनेमे बघा. महोत्सवाच्या पुस्तिकेत सिनेमाच्या माहितीसोबत तो कुणाकडून आला याचा पत्ता दिलेला असेल, तर आवडलेल्या सिनेमाचा तेवढा उतरवून घ्या. पुढच्या वर्षीचं पहिलं पत्र त्याच पत्त्यावर जाऊ द्या.